तांब्याचा हौद

तेलगाव
९ जानेवारी २०२५

चि. अंगद,

रंगाचे दोन्ही डबे पोहोचले. तुझा भागीदार सुग्रीव गावी आला तेव्हा त्याने ते पोत्यात गुंडाळून आणले आणि ओट्यावर इतके जपून ठेवले, की तुझ्या काकूला वाटलं समुद्रावरून मासळीच आली. तुळजाबाई माळकरी. दारातूनच ओरडली, "ते पोतं पयले बाहीर न्या!" झाकण उघडून लाल रंग दाखवला तेव्हा कुठे डब्यांना ओट्यावर जागा मिळाली.

सुग्रीवने मोबाइलवर तुमच्या बोटीचा फोटो दाखवला. बोटीला आईचं नाव दिलंस हे फार बरं केलंस. रतनबाईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "मपलं नाव पान्यात कावून सोडलं म्हनावं?" आणि मेंढरांमागे निघून गेली. थोड्या वेळाने परत आली आणि पदराला हात पुसून मोबाइल पुन्हा मागितला. मेंढरांमागे वाढलेलं पोर अकरा वर्षांत बोटीचा मालक झालं, याचा तिला किती आनंद झालाय ते ती आम्हाला कळू देणार नाही. तुझा बाप म्हाळू मात्र सगळ्या गावाला सांगत सुटलाय. काल तर त्याने एस.टी.च्या कंडक्टरला गाडी थांबवून सांगितलं.

म्हाळूचा मेंढरांचा वाडा आठ दिवसांपूर्वी आमच्या रानात उतरला. विहिरीच्या वरच्या पट्टीत जाळीचं वाघूर लावलंय, रोज रात्री मेंढरं त्यात बसतात, रानाला लेंडीखत होतं. कापूस वेचून झालाय, उभ्या पऱ्हाटीचा पाला ती दिवसा खातात. माझ्या आजापासून तुमचा वाडा याच रानात बसतो आणि म्हाळू दरवर्षी त्याच बाभळीखाली चूल मांडतो. यंदा मी म्हटलं, जरा पलीकडे मांड, बाभळीला धग लागते. तर म्हणाला, "बाभळ मपल्या बापानं लावल्याली हाय, तुमी रान तेवढं बघा." याच्याशी कोण बोलणार?

फोन करत जा म्हणतोस, पण माझ्या कानाला फोनवर नुसती गुणगुण लागते. म्हाळूला ऐकू येतं पण लिहिता-वाचता येत नाही, मला लिहिता येतं पण ऐकू येत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो.

आता मुद्द्याचं. सुग्रीव म्हणाला, या रंगावर शेवाळ धरत नाही. विहिरीजवळचा आपला हौद तुला आठवत असेल. दर पंधरवड्याला हिरवागार होतो आणि तो घासून माझे खांदे गेले. रंगाचे किती हात द्यायचे, वाळवायचा कसा, ते सविस्तर लिही. डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात बरंच काही छापलंय, ते माझ्या चष्म्याच्या आवाक्यातलं नाही.

तुझा,
सुंदररावनाना


बंदरावरून
१७ जानेवारी

आदरणीय नाना,

पाया पडतो. पत्र मिळालं, आईचं वाचून हसू आलं.

हौद आधी कोरडा करा आणि तारेच्या ब्रशने घासून घ्या. मग रंगाचे दोन हात द्या, मध्ये एक दिवस जाऊ द्या. चार दिवस उन्हात वाळला की पाणी सोडा. रंगात तांबं असतं म्हणून त्याला शेवाळ धरत नाही. आमच्या बोटीच्या तळाला हाच लागतो. नाही लावला तर चार महिन्यांत शिंपले आणि कालवं अशी चिकटतात, की डिझेल दुप्पट लागतं आणि बोट जागची हलत नाही.

सध्या इथे या रंगावरूनच गोंधळ चाललाय. मत्स्य खात्याने नवा नियम काढलाय, या खाडीतल्या बोटींना तांब्याचा रंग लावायचा नाही. रंग पाण्यात उतरतो आणि कालवांची पिल्लं मरतात म्हणे. बोटमालकांची सभा झाली. एक म्हातारे तांडेल उठून म्हणाले, "कालवांनी आमच्या बोटी खायच्या आणि आम्ही त्यांची बाळंतपणं करायची?" सगळी सभा हसली, मीही हसलो. साहेब लोकांना बसल्या जागी काहीतरी काढायला लागतं. दुसरा रंग मिळतो, पण तो महाग आणि टिकत नाही.

आमच्याकडे थोडे डबे उरले होते. वाया घालवण्यापेक्षा म्हटलं नानांच्या हौदाला होतील. लहानपणी त्या हौदात मी किती डुंबलो, आणि तुम्ही काठी घेऊन मागे लागायचात.

डब्यावरचं छापील काही विशेष नाही. हात साबणाने धुवा एवढंच.

आबाला सांगा, पुढच्या दिवाळीला आई-आबा दोघांना इथे आणतो, बोटीत बसवतो.

तुमचा,
अंगद


तेलगाव
३ फेब्रुवारी

चि. अंगद,

हौद रंगला. गडी लावावा असं तुळजाबाईचं म्हणणं होतं, पण मी स्वतः धोतर खोचून आत उतरलो आणि दोन्ही हात माझ्याच हाताने दिले. एकाहत्तराव्या वर्षी हौदात उतरणं सोपं गेलं, चढून बाहेर येणं जड गेलं. म्हाळूने बगलेत हात घालून वर ओढलं आणि म्हणाला, "सुंदरराव, हौद हाय का नवरी? लई लाल केला."

मी त्याला समजावलं, हे तांबं आहे. माझी आई रोज तांब्याच्या घंगाळात पाणी भरून ठेवायची, मी अजून सकाळी तांब्याच्या लोट्यातलं पाणी पितो, म्हणून तर हौदात उतरता आलं. आता तुझी मेंढरंही राजाच्या भांड्यातलं पाणी पितील. म्हाळूला ते इतकं पटलं, की रोज संध्याकाळी मेंढरं आधी हौदावर आणतो आणि मगच वाघरात घालतो. आधी ओढ्यालाही पाजायचा, आता ओढ्याचं पाणी त्याला हलकं वाटतं.

शेवाळ खरंच नाही. एक बारीकसं सांगतो. उन्हाने वरच्या काठाचा रंग सुटतो, हात लावला की लाल भुकटी येते. मेंढरं ती चाटतात. म्हाळू म्हणतो, खारट लागत असेल. काठाला पुन्हा एक हात द्यावा का? दुसरा डबा अर्धा शिल्लक आहे.

पऱ्हाटीवरून म्हाळूचं आणि माझं एकदा वाजलं. त्याने विचारलं, औषध कधी मारलं होतं? मी सांगितलं, दिवाळीच्या आधी. तो म्हणाला, नीट आठवा. मी म्हटलं, मी काय तुझ्या मेंढरांचा वैरी आहे? मग दोघांनी मिळून चहा घेतला.

कळवणे.

सुंदररावनाना


बंदरावरून
१२ फेब्रुवारी

आदरणीय नाना,

काठाला एक हात अजून द्या, हरकत नाही. तांबंच आहे.

घाईत आहे, बोट ओढून काठावर घेतलीय.

अंगद


तेलगाव
१२ मार्च

चि. अंगद,

हे पत्र लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली. मेंढरं मरताहेत.

पहिली मेली ती काळ्या तोंडाची मोठी मेंढी. सकाळी उठली नाही, मान टाकून बसली. डोळे उलटून पाहिले तर हळद लावल्यासारखे पिवळे. लघवी कोऱ्या चहासारखी. दुसऱ्या दिवशी संपली. म्हाळूने पहिली दोन-तीन सोसली, मेंढरांत असं होतं म्हणाला. आज अठरा झाली. तालुक्याहून डॉक्टर आले होते. गोचिडाचा ताप असेल म्हणून सगळ्यांना सुया टोचल्या. उपयोग झाला नाही. जाताना म्हणाले, काही विषारी खाण्यात आलंय का बघा.

तेवढं एक वाक्य पुरलं. त्या दिवसापासून म्हाळू माझ्याकडे नीट बघत नाही. मेंढरं त्याने पऱ्हाटीतून काढली आणि बांधावर उभी केली. मी पाण्याचंही बोललो, तर म्हणाला, "तेच पानी तुमचे बैल पितेत, शेळ्या पितेत. त्यास्नी काय झालं?" ते खरंच आहे. माझे बैल, गाय, रतनबाईच्या चार शेळ्या याच हौदावर पितात आणि धडधाकट आहेत. तेव्हा राहिली पऱ्हाटी, आणि पऱ्हाटी माझी.

अंगद, मी दिवाळीनंतर औषधाचा थेंबही मारलेला नाही. म्हाळूला मी हे तीनदा सांगितलं. ज्या माणसाशी साठ वर्षं एका चिलमीवर बसलो त्याला तीनदा सांगावं लागलं.

तू दोन दिवस येऊन जा. तुझ्या बापाला कोणाचं तरी ऐकायचं आहे, आणि ते कोणी म्हणजे मी नव्हे. जमलं तर लगेच ये.

सुंदररावनाना


बंदरावरून
२१ मार्च

आदरणीय नाना,

वाचून फार वाईट वाटलं. यायची इच्छा आहे, पण खात्याची बोटींची तपासणी लागलीय. मालक हजर नसला तर परवाना अडकवतात. सुग्रीवला कागद कळत नाहीत.

आबाला मी फोन केला होता. हौदातलं पाणी सोडून द्या आणि सध्या ओढ्यालाच पाजा असं सांगितलं. आम्ही पाठवलेला रंग जुना होता, जुन्या रंगाला कधी कधी वास धरतो, मेंढरं अशा पाण्याला तोंड लावत नाहीत आणि तहानेने खंगतात. एवढंच. काळजीचं कारण नाही, पण सोडून दिलेलं बरं.

मला वाटतं गोचिडच असेल. डॉक्टरांना पुन्हा बोलवा. तुमच्यावर आबा संशय घेतील असं मला वाटत नाही, दुःखात माणूस बोलतो.

अंगद


तेलगाव
५ एप्रिल

चि. अंगद,

तुझा फोन आला त्याच दिवशी हौद रिकामा केला. आज दोन आठवडे झाले, मेंढरं ओढ्याचं पाणी पितात. तरीही मरताहेत. परवा एका दिवसात नऊ गेली. एकशेचाळीसातली साठ उरली असतील, मी आता मोजायला जात नाही. मोजायला गेलेला म्हाळूला आवडत नाही.

म्हणजे तुझा हौद निर्दोष ठरला आणि मी अडकलो. म्हाळू ओट्यासमोर उभा राहून म्हणाला, "पानी सोडलं तरी मरत्यात. मंग पान्यात काय न्हवतं. जे व्हतं ते पाल्यात व्हतं." हिशोब त्याचा बरोबर आहे.

गावात आता वेगळंच चाललंय. कोणी म्हणतं, पौषात मेंढरं हरभऱ्यात शिरली होती त्याचा सुंदररावने सूड उगवला. हरभऱ्यात शिरली होती हे खरं आहे. मी शिव्या दिल्या हेही खरं. पण आजवर दरवर्षी कुठे ना कुठे शिरली आहेत आणि मी दरवर्षी शिव्या दिल्या आहेत. तो आमचा रिवाजच आहे.

आमचे चिरंजीव विजयसिंह पंचायत समितीच्या निवडणुकीला उभं राहायच्या विचारात आहेत. त्यांचं म्हणणं, पोलिसात खोट्या आरोपाची तक्रार द्यावी. मी त्याला घरातून बाहेर काढलं. म्हाळूवर पोलीस घालू?

शेवटी मीच म्हाळूकडे गेलो. म्हटलं, तुला कशाने पटेल? तो म्हणाला, "बेल-भंडार उचला." त्यांच्यात ही शेवटची गोष्ट. खंडोबापुढे घोंगडीवर बेल आणि भंडारा ठेवायचा, तो उचलून शपथ घ्यायची. एकदा उचलला की वाद मिटला, पुन्हा कोणी त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. खोटा उचलला तर वंश बुडतो. मी लगेच हो म्हणालो. विजयसिंहाला कमीपणा वाटला, पाटलाने धनगरापुढे शपथ घ्यायची म्हणून. मला हलकं वाटलं. सत्तावीस एप्रिलला, रविवारी, माळावरच्या देवळात जायचं ठरलंय. "म्हाळूच्या मेंढरांना माझ्या हातून काही झालं नाही", एवढं एक वाक्य म्हणायचं आहे. ते म्हणताना माझा आवाज कापणार नाही.

रविवार झाला की म्हाळू पुन्हा बाभळीखाली चूल मांडेल. मेंढरांचं काय व्हायचं ते होवो, आमचं दोघांचं तरी राहील.

सुंदररावनाना


बंदरावरून
१६ एप्रिल

नाना,

तुम्ही बेल-भंडार उचलू नका.

कसं लिहावं कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. मेंढरं रंगाने मेली. हौदाच्या रंगाने. आणि रंग मी पाठवला.

नियम आला तेव्हा खात्याने सांगितलं होतं की ज्यांच्याकडे तांब्याचे डबे आहेत त्यांनी ते मोजून जमा करायचे. कोणाला द्यायचे नाहीत, कुठे ओतायचे नाहीत. मी तुम्हाला लिहिलं की उरले होते. उरले नव्हते, लपवले होते. दोन डबे सुग्रीवकडे दिले ते जमा करायला लागू नयेत म्हणूनच. डब्यावर जनावराच्या पाण्याला आणि खाण्याला लावू नये असं छापलेलं आहे. ते मी वाचलं होतं. मला वाटलं, इंग्रजांच्या देशात सगळ्यावरच असं छापतात. आपण तर तांब्यातलं पाणी पितो.

तुमचं बारा मार्चचं पत्र आलं त्या दिवशी मी खात्यातल्या बाईंकडे गेलो. माझं नाव न सांगता विचारलं, हा रंग एखाद्या जनावराच्या पोटात गेला तर? त्यांनी विचारलं, कोणतं जनावर? मी म्हटलं, मेंढी. त्या एकदम खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, गाय-बैलाला, शेळीला तांबं बरंच सोसतं, मेंढीला मात्र अजिबात सोसत नाही. तिच्या यकृतात ते साठत जातं. महिना-दीड महिना काहीच दिसत नाही, मग एक दिवस सगळं रक्तात उतरतं. डोळे पिवळे होतात, लघवी काळी होते. पाणी बंद केलं तरी आत साठलेलं असतंच, पुढे कितीतरी दिवस ती मरत राहतात.

त्या असंही म्हणाल्या की डॉक्टरांना लगेच कारण सांगितलं तर औषध आहे, काही मेंढ्या वाचतात. नाना, मी ते आबाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. कारण सांगितलं असतं तर रंग कुठून आला हे निघालं असतं. तपासणी चालू होती, परवाना गेला असता, बोट गेली असती. मी वासाचं खोटं सांगून हौद बंद करवला आणि मनाला म्हटलं, आता थांबेल. थांबणार नाही हे मला माहीत होतं.

काठाला अजून एक हात द्या, असंही मीच लिहिलं होतं.

तुम्ही भंडारा उचलून म्हणाल, माझ्या हातून काही झालं नाही. पण रंग तुमच्याच हाताने लागला आहे. तुम्हाला माहीत नसताना तुमच्याकडून खोटी शपथ होऊ नये म्हणून हे लिहितोय. आबाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला सुचत नाही.

अंगद


तेलगाव
२९ एप्रिल

अंगद,

पत्र बुधवारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझ्या हातांचा. मी हौदात उतरून, कोपरा न कोपरा भरून, इतक्या हौसेने तो रंग लावला होता. तुळजाबाईने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, बरा आहे.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी बोलावलं आणि मेंढरांच्या पोटात तांबं गेलंय म्हणून एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, कुठून ते सांगितलं नाही. ते म्हणाले, महिनाभर आधी कळायला हवं होतं. औषध मागवून दिलं. तेव्हा सव्वीस उरली होती, आता बावीस आहेत.

रविवारचं सांगतो. माळावर निम्मा गाव होता. म्हाळूने आपली घोंगडी पसरली, तिच्यावर बेल ठेवला, भंडारा ओतला आणि बाजूला उभा राहिला. रतनबाई मागे होती. विजयसिंह माझ्या कानाला लागून ओरडत होता, "उचला अन् मोकळे व्हा." मी वाकलो. हात भंडाऱ्यापर्यंत नेला. मला तुझा फार राग आहे, पण हे सांगायला हवं, की तुझं पत्र आलं नसतं तर मी तो हसत उचलला असता.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "न्हाई उचलत, म्हाळू. माझ्याच हातून झालंय."

कोणीतरी मागून शिवी दिली. विजयसिंह निघून गेला. म्हाळू ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या अगदी जवळ आला, मला ऐकू यावं म्हणून, आणि म्हणाला, "मला वाटलं व्हतं, तुमी उचलताल." त्याला मी दोषी ठरायला नको होतो, अंगद. त्याने मला सुटायची वाट करून दिली होती आणि मी ती घेतली नाही. भंडारा तसाच घोंगडीत गुंडाळून तो उतरून गेला. वाघूर संध्याकाळपर्यंत निघालं. रतनबाईने चुलीचे दगडही नेले.

तुझं नाव मी घेतलं नाही. हौदाचं बोललो असतो तर रंगाचं निघालं असतं, आणि डबे कोणी पाठवले हे म्हाळूनेच सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. बिनकामाची मोठी मेहेरबानी केली असं समजू नकोस. बापाला हे पोराच्या तोंडून कळावं, एवढ्यासाठी मी गप्प बसलो. माझ्या तोंडून कळलं तर त्याची मेंढरं गेली तशी तूही गेलास, आणि तुझ्या तोंडून कळलं तर कदाचित तू राहशील.

ये आणि सांग. आधी माझ्याकडे येऊ नकोस, सरळ वाड्यावर जा. धारूरच्या घाटाखाली उतरलेत.

आणि एक विचारून घे. हौद मी फोडायला काढलाय. त्या लाल राडारोड्याचं काय करायचं? इथे टाकला तर ओढ्यात जातो, पुरला तर रानात राहतो. नियम काढणाऱ्यांनी याचं काही लिहिलं असेल.

सुंदरराव


बंदरावरून
२१ मे

आदरणीय नाना,

मी येऊन गेलो. तेलगावात उतरलो नाही, तुम्ही म्हणालात तसा सरळ घाटाखाली गेलो.

आबा मला बघून पळत आले. एवढे पळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकोणीस मेंढरं सावलीला बसली होती. आईने भाकरी टाकली, पिठलं केलं. मी सगळा रस्ताभर वाक्य जुळवून आणलं होतं. पहिला घास खाल्ला की सांगायचं असं ठरवलं होतं.

आबाच आधी बोलले. म्हणाले, "मेंढरं गेली तर जाऊ दे. सुंदरराव गेला त्याचं लई लागलं. आता तू तेवढा हाईस बग, दुसरं काय न्हाई." आणि बोटीचं विचारायला लागले. बोट किती लांब, पाण्यात किती खोल जाते, तळाला काय लावता. मी तळाला काय लावतो ते सांगितलं नाही. इंजिनाचं बोलत राहिलो. आई माझ्या ताटात वाढत राहिली.

दोन दिवस राहिलो. आबांनी सगळ्या ओळखीच्यांना बोलावून बोटवाला पोरगा दाखवला. तिसऱ्या दिवशी परळीला येऊन गाडी धरली.

मी बोललो नाही, नाना. जीभ उचललीच नाही. तुम्ही माझ्यासाठी गाव अंगावर घेतलंत आणि मी दोन दिवस पिठलं-भाकरी खाऊन आलो. माझी मलाच लाज वाटते. तुम्हाला तरी खरं कळावं म्हणून लिहितोय. तुम्हाला लिहिलं की जरा झोप लागते.

राहिलेले डबे खात्यात जमा केले. दोन कमी भरले. त्यांनी विचारलं, मी सांडले म्हणून लिहून दिलं. सही घेतली. परवाना मिळाला.

राडारोड्याचं विचारलं. खरवडलेला रंग ताडपत्रीवर गोळा करून नेमलेल्या माणसाकडे द्यायचा असतो. असा माणूस बीडकडे कुठे आहे का, ते त्यांना माहीत नाही.

दिवाळीला नक्की येतो. तेव्हा सांगतो. तोवर आबाही जरा सावरतील.

अंगद


तेलगाव
३० मे

अंगद,

पत्र पोहोचलं.

काल बाजारात म्हाळू समोरून आला. मी थांबलो. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, मग पलीकडून लांबवर चालत राहिला. मला हाक मारावीशी वाटली. मारली नाही, कारण हाक मारून सांगायचं ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे.

मला तू सगळं खरं लिहितोस. सुरुवातीला मला त्याचं बरं वाटलं होतं. आता कळतंय, मी त्यावर काही करणार नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तू लिहितोस. मला सांगून तुला झोप लागते आणि म्हाळू तसाच राहतो. मला तुझी झोप व्हायचं नाही.

यापुढे मला पत्र पाठवू नकोस. आलं तर मी ते न फोडता परत करीन. पोस्टमन उत्तरेश्वरला मी तसं सांगून ठेवलंय.

सुंदरराव